नऊ उशा आणि एक वाकळ

माझ्या एका सहकाऱ्याच्या बेडरूममध्ये पलंगावर नऊ उशा होत्या आणि त्यांतली एकही डोक्याखाली घ्यायची नव्हती. बीड बायपासला नवा फ्लॅट घेतलाय, त्याची वास्तुशांत. जेवणावळीला वेळ होता म्हणून मी पलंगावर जरा टेकलो, तर वहिनी धावत आल्या. "भावजी, ती अ‍ॅक्सेंट पिलो आहे!" चुकून कुणाच्या मांडीवर बसल्यासारखा मी उठलो. पायथ्याशी एक क्विल्ट घडी करून ठेवली होती. "हँडमेड आहे, साडेनऊ हजारांची," सहकारी म्हणाला. मी हात लावून पाहिला. गोधडी होती. सरळ सरळ गोधडी. फक्त तिला कुणाच्या अंगाचा वास नव्हता.

परतताना स्कूटरवरच मी जाहीर केलं, की आपल्याही बेडरूमचा मेकओव्हर होणार आणि सगळं शिवणकाम मी स्वतः, हातानं करणार.

"आधी त्या निळ्या शर्टाचं बटण लाव," मागून आवाज आला.

उशांना हिमरूच लावायचं, हे मात्र मी ठरवून टाकलं. आता हिमरूचा विषय निघालाच आहे तर मला थांबवू नका. घरचे थांबवतात, म्हणून तर लिहायला बसलो. महंमद तुघलकानं 1327 साली दिल्लीची राजधानी उचलून आमच्या देवगिरीवर आणली आणि तिचं दौलताबाद केलं. त्या लवाजम्याबरोबर विणकरही आले, असं सांगतात. जगातला एवढा मोठा मेकओव्हर दुसरा झाला नसेल: खोली तीच ठेवून माणसं बदलली. काही वर्षांत सुलतान परत गेला. विणकर मात्र राहिले. मला हे फार आवडतं. ज्यानं थाट मांडला तो गेला आणि ज्यांच्या हातात काम होतं ते टिकले. पुढे मलिक अंबरनं खडकी वसवली, तिचं फतेहनगर झालं, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. गावानं जेवढी नावं बदलली, तेवढी मी पलंगपोसंही बदललेली नाहीत.

बरं, हिमरू म्हणजे काय? किमखाबाची नक्कल. किमखाबात सोन्याचांदीची जर. तो अंगावर घालायचा तर निदान सरदार तरी असावं लागे. म्हणून सूत आणि रेशीम घेऊन तसंच दिसणारं कापड विणलं. फारसीत 'हम-रू' म्हणजे सारख्या चेहऱ्याचं, त्यावरून हिमरू म्हणतात. थोडक्यात, आपल्याला परवडत नाही ते परवडल्यासारखं दिसावं, ही हौस या गावात सातशे वर्षं विणली जातेय. मी एकटाच उथळ नाही. (हे वाक्य मी बायकोला दोनदा ऐकवलं. तिनं दोन्ही वेळा भाजीत मीठ घातलं.) हातमागावरच्या हिमरूचा भाव ऐकून मी दुकानात थोडा वेळ फक्त पंख्याखाली उभा राहिलो आणि मग यंत्रमागावरचं दीड मीटर घेतलं. म्हणजे नकलेची नक्कल. ती माझ्या हातून शिवली जाणार होती, तेव्हा परंपरा अखंड राहिली म्हणायची.

उशा भरायला पिंजाऱ्याकडे गेलो. त्यानं खोळ उलटीपालटी करून पाहिली. "साब, ये तकिया सर के नीचे का है के दिखाने का?"

"दिखाने का."

"तो फिर पुरानी रुई डाल देता. आपका पैसा बचता."

इतका रास्त सल्ला मला कुठल्याच सल्लागारानं दिलेला नाही. घरी आल्यावर कळलं, की एका खोळीचं हिमरू मी उलटं लावलंय आणि आतले सुटे धागे दाढीसारखे बाहेर लोंबतायत. पाहायला आलेल्या शेजारीणबाईंना नेमकी तीच उशी आवडली.

गोधडीसाठी आईची जुनी वाकळ माळ्यावरून काढली. आईच्या लेखी ती वाकळच. ती उसवायची, आतलं भरण वापरायचं आणि वरून नवं कापड, असा बेत. आई खिडकीशी बसून बघत होती. तिचं वय आता ऐंशीच्या पुढे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी सुईचं नेढं दिसत नाही. मी ब्लेड घेऊन दोरे तोडत गेलो. वर हिरवं इरकल लुगडं, विरून जाळी झालेलं. त्याखाली वडलांचं धोतर. त्याखाली साखरेच्या पोत्याचं कापड, अक्षरं पुसलेली. आणि सगळ्यात आत, चपटी होऊन निजलेली, माझी खाकी हाफपँट. बुडाला दोन खिडक्या. आम्ही शाळेत कसे कडक इस्त्रीत जायचो, हे मी मुलांना इतकी वर्षं सांगत आलोय. बायकोनं एका खिडकीतून हात घालून माझ्याकडे हलवला.

पँट ठीक होती. लुगड्यावर एक काळपट गोल डाग होता, तो नको होता.

1986 साली गावाहून इथं हॉस्टेलला आलो, तेव्हा हीच वाकळ ट्रंकेला गुंडाळलेली होती. खोलीतल्या मुलानं पहिल्याच दिवशी विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, "ट्रंकेला ओरखडे पडू नयेत म्हणून." तीन हिवाळे सोलापुरी चादर दुहेरी घेऊन कुडकुडलो, वाकळ अंगावर घेतली नाही. दुसऱ्या वर्षी आई डबा घेऊन आली. वाकळ खाटेखाली होती आणि तिच्यावर रॉकेलचा स्टोव्ह. आईनं पाहिलं. स्टोव्ह उचलून बाजूला ठेवला, वाकळ बाहेर ओढली, झटकली, घडी घातली आणि परत खाटेखालीच सरकवली. मग म्हणाली, "जेवून घे, भाकर निवती."

आता तिनं हात लांब करून त्या डागावरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता बोलेल.

"ह्ये आत घाल," ती म्हणाली. "आतलं कोन पाहतंय?"

मग शिवण. मी तिला सुईत दोरा ओवून द्यायचा, तिनं चार टाके घालून दाखवायचे आणि हात थरथरला की सुई माझ्याकडे. कडेनं सुरू करायचं, चौकोनात फिरत फिरत आत यायचं, दोन ओळींत बोटभर अंतर. म्हणजे आतले थर सरकत नाहीत. हे सांगून ती दुपारी झोपली आणि मी, सौंदर्यदृष्टी असल्यामुळे, मधूनच फूल काढायला घेतलं. फुलाभोवती कापड असं गोळा झालं, की वेरूळ-दौलताबादच्या टेकड्या दिसाव्यात. उठल्यावर तिनं सगळं उसवायला लावलं. "दोरा वाया घालू नको, तोच वापर." अंगुस्तान मी आणलं नव्हतं. ते काय बायकांचं, असं वाटलं होतं. मग मधल्या बोटानं आठ दिवस समजावलं.

बावीस दिवस लागले. पलंगावर अंथरली तर वीतभर तोकडी. प्रत्येक टाका थोडं थोडं कापड खातो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे आईनं सांगितलं होतं. मी तेव्हा फुलाच्या विचारात होतो. पायावर घेतली तर छाती उघडी, छातीवर घेतली तर पाय. बायको म्हणाली, "सहकाऱ्याला बोलव, हाही अ‍ॅक्सेंटच आहे."

रात्री पाणी प्यायला उठलो तर गोधडी पलंगावर नव्हती. आईच्या खाटेवर होती. तिला ती डोक्यापासून पावलांपर्यंत बरोब्बर पुरली होती. आई तेवढीच उरलीय, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. डोक्याखाली उलट्या हिमरूची उशी, ते सुटे धागे गालाला.

आता ती गोधडी तिच्याकडेच आहे. पैठणहून आमच्या गावाला दोनच गोष्टी येतात, पैठणी आणि नळाचं पाणी, आणि दोन्हींचं दर्शन सणासारखं. त्यामुळे गोधडी धुवायचा मुहूर्त आधीच धरून ठेवावा लागतो. परवा नळाचा दिवस होता. म्हटलं, आई, दे, धुऊन टाकतो.

तिनं ती अंगाभोवती आणखी ओढून घेतली.

"अजूक तिला वास लागला न्हाई," ती म्हणाली, "अन् धुयाची काय घाई रं तुला?"