ओल्या फडक्याचा सिद्धान्त

मुंबई-पुणे जुन्या रस्त्याचा भूगोल मोटारीच्या इंजिनाला जितका कळतो तितका तो आत बसलेल्या प्रवाशाला कळत नाही. पनवेल, चौक, खालापूर अशी गावे मागे टाकीत हा रस्ता खोपोलीपर्यंत जवळजवळ सपाट धावतो आणि तेथून थोडक्याच किलोमीटरांत प्रवाशाला सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरच्या खंडाळ्याला नेऊन ठेवतो. 1830 साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटातील गाडीरस्ता खुला केला तेव्हा त्यावरून बैल चढत असत, आणि बैल थांबला तर तो का थांबला याविषयी विद्वानांत मतभेद होत नसत. मोटारीच्या बाबतीत ही सोय राहिली नाही. घाटात बंद पडलेल्या जुन्या गाडीभोवती जितकी माणसे जमतात तितकीच निदाने जमतात आणि त्यांतील बहुतेकांचा रोख पेट्रोलावर असतो, कारण पेट्रोल डोळ्यांना दिसते, नाकाला कळते आणि खिशाला तर फारच कळते. ठिणगीकडे यांपैकी एकही गुण नाही.

प्रस्तुत प्रवासाची नायिका कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली प्रीमियर पद्मिनी होती. इटलीच्या फियाट 1100 या गाडीची ही भारतीय आवृत्ती 1964 पासून रस्त्यावर आली आणि 1974 मध्ये तिचे पद्मिनी असे नामकरण झाले, तरी मराठी माणसाने तिला अखेरपर्यंत फियाटच म्हटले. चार सिलिंडरांचे 1089 घनसेंटिमीटरचे इंजिन, स्टिअरिंगलाच जोडलेला गिअरचा दांडा आणि बॉनेटखाली इतकी ऐसपैस जागा, की मदतीस धावलेल्या कोणालाही आत हात घालण्यापासून परावृत्त करता येत नाही, ही तिची मुख्य लक्षणे होत. द्रुतगती मार्ग होण्यापूर्वीच्या एका मे महिन्यात पुण्यातील लग्नासाठी गिरगावातून निघालेल्या या गाडीत मालक, त्यांचे मेहुणे, आत्याबाई, दोन मुले आणि आहेराची भांडी अशी मंडळी होती. मेहुण्यांकडे स्वतःची गाडी नसल्यामुळे मोटारींविषयीचे त्यांचे ज्ञान अनुभवाने कोठेही डागाळलेले नव्हते.

खोपोली सुटताच गाडी मिसिंग मारू लागली, म्हणजे मधूनच एखाद्या सिलिंडरातले मिश्रण पेटायचे राहून जाऊ लागले आणि प्रत्येक चुकीगणिक आहेराची भांडी वाजू लागली. शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडच्या वळणावर इंजिनाने मान टाकली. मेहुण्यांनी बॉनेट उघडण्यापूर्वीच पेट्रोल लॉक असे निदान केले. हा रोग काल्पनिक नाही: जुन्या गाड्यांचा पेट्रोल पंप इंजिनाच्याच अंगाला बसवलेला असतो, इंजिन तापले की पंपातले आणि नळीतले पेट्रोल उकळून त्याची वाफ होते, आणि द्रव ओढण्यासाठी घडवलेला पडदा वाफेपुढे नुसताच हलत राहतो. त्यावरील सर्वमान्य उपचार म्हणजे पंपावर ओले फडके गुंडाळणे. फडके उपलब्ध नसल्यामुळे आहेरातील एक कोरा पंचा आत्याबाईंच्या लेखी निषेधाखेरीज सर्व प्रकारचे निषेध सोसून भिजवण्यात आला, वीस मिनिटे वाट पाहण्यात आली, आणि गाडी खरोखरच सुरू झाली. सिद्धान्ताला याहून मोठे प्रमाण ते कोणते? शिंग्रोबापुढे नाणे टाकण्याची चालकांची जुनी रीत पाळून मंडळी पुढे निघाली.

पुढे दोनच वळणांवर गाडी पुन्हा थांबली. येथे एखाद्या कमकुवत सिद्धान्ताने प्राण सोडला असता. मेहुण्यांच्या सिद्धान्ताने मात्र पंचा वाळला असल्याचे सांगून आपली मर्यादा विस्तारली. पंचा भिजवला, वीस मिनिटे गेली, गाडी सुरू झाली. या प्रयोगात पंचा न भिजवता नुसतीच वीस मिनिटे बसून पाहण्याचे कोणालाही सुचले नाही, आणि वैद्यकशास्त्राच्या इतिहासाकडे पाहता त्याबद्दल या कुटुंबाला विशेष दोष देता येणार नाही.

तिसऱ्या थांब्यावर वरून उतरणाऱ्या एका ट्रकचा चालक मदतीस आला आणि त्याने मिश्रणाचा पक्ष मांडला. पेट्रोल संपूर्ण जळण्यासाठी एक भाग पेट्रोलास वजनाने 14.7 भाग हवा लागते. हवा याहून कमी झाली तर मिश्रण रिच होते, काळा धूर येतो आणि प्लगवर काजळी धरते, तर हवा जास्त झाली की मिश्रण लीन होते, प्लग पांढरट पडतो आणि कार्ब्युरेटरातून फटफट उलटे आवाज येतात. घाटावर हवा विरळ, सबब मिश्रण रिच, असे अनुमान ट्रकचालकाने काढले. तत्त्वतः ते चूक नव्हते, परंतु खंडाळ्याच्या उंचीवरही हवा जेमतेम 5-6 टक्क्यांनी विरळ होते आणि तेवढ्याने कोणतेही धडधाकट इंजिन मरत नाही. तरीही कार्ब्युरेटरच्या बुडाशी असलेला मिश्रणाचा स्क्रू एका दिशेने फिरवण्यात आला, नंतर मालकांनी तो दुसऱ्या दिशेने फिरवला, आणि मग मूळ जागा कोणती होती याविषयी मतदान झाले. हा स्क्रू गाडी स्लोवर उभी असतानाच्या मिश्रणापुरता असतो. चढावर पाय दाबला की पेट्रोल मेन जेटमधून येते आणि तेथे या स्क्रूला कोणी विचारीत नाही. जुन्या गाड्यांत सर्वाधिक फिरवला जाणारा भाग हाच असावा, कारण तो हाती सहज लागतो आणि फिरवणाऱ्याला काहीतरी केल्याचे समाधान देतो.

आता प्लग काढून पाहण्यात आले आणि ते काळे निघाले, तेव्हा ट्रकचालकाचा विजय पूर्ण झाला. वास्तविक काळा प्लग हा दोन्ही पक्षांकडून साक्ष देणारा साक्षीदार आहे. मिश्रण रिच असले तरी तो काळा होतो आणि ठिणगी अशक्त असल्यामुळे चांगले मिश्रण अर्धवट जळाले तरीही काळाच होतो. प्लग पुसून परत बसवताना मेहुण्यांनी तारांची अदलाबदल केली. या इंजिनात सिलिंडर 1, 3, 4, 2 अशा क्रमाने पेटतात, ही गोष्ट त्यांना अव्यवस्थितपणाची वाटली आणि त्यांनी डिस्ट्रिब्युटरवरच्या तारा सरळ 1, 2, 3, 4 अशा लावल्या. सेल्फ मारताच कार्ब्युरेटरातून जो बार उडाला त्याने दरीतली माकडे वर आणि आत्याबाई गाडीबाहेर आल्या.

लोणावळ्याचा एक मेकॅनिक योगायोगाने खोपोलीकडे चालला होता. त्याने प्रथम तारा जागच्या जागी लावल्या, मग कार्ब्युरेटरला जाणारी नळी सोडवून सेल्फ मारायला सांगितला, आणि पेट्रोलची स्वच्छ पिचकारी पंच्यावर पडली; पेट्रोल पक्षाचा निकाल एवढ्यात लागला. मग त्याने एका प्लगची तार इंजिनाच्या लोखंडापासून थोडी दूर धरली. निळी, कडकडणारी ठिणगी यावयास हवी होती, तेथे एक पिवळट आणि दमेकरी ठिणगी आली. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढल्यावर पॉइंट जळून एकावर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा तयार झालेला दिसला, आणि तेथे त्याने कंडेन्सरवर बोट ठेवले.

कंडेन्सर हा करंगळीएवढा डबा आहे आणि त्याचे काम समजले की घाटातले सारे नाट्य उलगडते. पॉइंट मिटलेले असताना बॅटरीचा 12 व्होल्टचा प्रवाह कॉइलमधून वाहतो व तेथे चुंबकीय क्षेत्र तयार होते. पॉइंट उघडताच ते क्षेत्र एकदम कोसळते आणि दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट उत्पन्न होऊन प्लगमध्ये ठिणगी पडते. मिनिटाला 3000 फेऱ्यांच्या गतीला हे सेकंदात शंभर वेळा घडते. पॉइंट उघडत असताना प्रवाहाला मात्र थांबायचे नसते, तो त्या फटीतून उडी मारू पाहतो. लग्नघरी एकदम येऊन उभ्या राहिलेल्या वऱ्हाडाला ओसरीवर बसवून घ्यावे तसे कंडेन्सर त्याला क्षणभर आपल्याकडे सामावून घेतो. कंडेन्सर निकामी झाला की फटीतच ठिणग्या उडतात, पॉइंट जळतात, क्षेत्र सावकाश कोसळते आणि प्लगपर्यंत जोर पोहोचत नाही. म्हाताऱ्या कंडेन्सरची खोड अशी, की थंड असताना तो इमानाने चालतो, तापला की जीव टाकतो आणि वीस मिनिटे विसावा मिळाला की पुन्हा उठून बसतो. पेट्रोल लॉकचीही हुबेहूब हीच लक्षणे असल्यामुळे ओल्या पंच्याला सबंध घाटभर श्रेय मिळत राहिले.

मेकॅनिकने पिशवीतून दुसरा कंडेन्सर काढून बसवला, पॉइंट घासून त्यांची फट फीलर गेजने अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणली, आणि मिश्रणाचा स्क्रू पूर्ण बंद करून दीड फेरा उघडला व इंजिनाचा आवाज ऐकत शेवटचा बारीक फरक केला. या शेवटच्या कामाचे त्याने वेगळे पैसे लावले आणि ते योग्यच होते. गाडी चढ संपवून लोणावळ्याच्या चिक्कीच्या दुकानांसमोरून न गचकता निघाली. कारल्याच्या फाट्याजवळ मालकांनी पेट्रोल लॉकचा विषय काढला, तेव्हा बिघाड उष्णतेमुळे होत असल्याचे आपण पहिल्या वळणापासून सांगत होतो, याकडे मेहुण्यांनी सर्वांचे लक्ष वेधले, आणि कंडेन्सर तापल्यानेच मरत होता हे मेकॅनिकने समक्ष सांगितलेले असल्यामुळे त्यांचे म्हणणे खोडून काढणे वडगाव येईपर्यंत कोणालाही जमले नाही.