बॉनेट-बृहस्पती

घाटात किंवा भर रस्त्यात मोटार तापून बंद पडली, चालकाने बॉनेट वर केले आणि आतून वाफेचा लोट बाहेर आला, की काही मिनिटांच्या आत जो गृहस्थ कोणीही न बोलावता तेथे हजर होतो, दोन्ही हात पाठीमागे बांधून इंजिनाकडे मान तिरकी करून पाहतो आणि कोणी काही विचारण्यापूर्वीच ‘हेड गेलं’ असा निकाल देऊन मोकळा होतो, त्याला प्रस्तुत विवेचनात बॉनेट-बृहस्पती असे म्हटले आहे. तो व्यवसायाने मेकॅनिक नसतो, ही त्याची पहिली ओळख होय. तो बँकेतून निवृत्त झालेला असतो, पाटबंधारे खात्यात नोकरीला असतो किंवा मार्केट यार्डात त्याचा कांद्या-बटाट्याचा गाळा असतो. मात्र त्याच्या मेहुण्याचे कधीकाळी गॅरेज होते आणि तेथे तो रविवारी सकाळी चहा प्यायला जात असे. एवढ्या भांडवलावर त्याने यंत्रविद्येत जी प्रतिष्ठा संपादन केली आहे ती पाहता, पदविकेसाठी तीन वर्षे खर्ची घालणाऱ्यांची कीव करावीशी वाटते.

बोरघाट, कसारा, वरंध आणि आंबोली ही त्याच्या कार्याची प्रमुख क्षेत्रे होत. चढणीवर इंजिनाला काम अधिक आणि गाडीला वेग कमी, म्हणजेच उष्णता भरपूर आणि समोरून येणारा वारा तुटपुंजा असल्याने, गाड्या तापण्यास घाट मुळातच अनुकूल असतात. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग २००२ मध्ये पुरा झाला आणि त्यावर विनाकारण थांबण्यास मनाई असल्यामुळे हा व्यक्तिप्रकार नामशेष होणार अशी चिन्हे दिसू लागली होती. परंतु जोडून आलेल्या सुट्ट्यांच्या पहिल्या सकाळी खंडाळ्याच्या चढावर जी कोंडी होते आणि एसी लावून इंचाइंचाने सरकणाऱ्या गाड्या ज्या शिस्तीने एकामागून एक कडेला लागतात, ती पाहता त्याला अजून बराच काळ काम पुरेल. जुन्या रस्त्यावर याच घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. ज्या धनगराने इंग्रज अभियंत्यांना घाटाची वाट दाखवली असे सांगितले जाते, त्याचे ते स्थान असून तेथे नाणे टाकून पुढे जाण्याची प्रथा चालक पाळत आले आहेत. शिंग्रोबाने वाट दाखवली ती त्याच्या पायाखालची होती म्हणून. बॉनेट-बृहस्पती अशी अट स्वतःवर कधीही लादून घेत नाही.

या प्रकाराचा उगम मोटारीइतकाच जुना असावा, असे मानण्यास जागा आहे. कार्ल बेन्झ यांच्या १८८६ च्या तीनचाकी मोटारीत आजच्यासारखी बंदिस्त शीतन यंत्रणा नव्हती. इंजिनाभोवतीचे पाणी उकळून वाफेच्या रूपाने उडून जाई आणि तेवढे पुन्हा भरावे लागे. त्यांच्या पत्नी बेर्टा बेन्झ १८८८ मध्ये दोन मुलांना सोबत घेऊन, यजमानांना न विचारता, मानहाइमहून सुमारे शंभर किलोमीटरवरच्या फोर्झहाइमला अशाच मोटारीतून गेल्या, तेव्हा वाटेत जागोजागी त्यांना पाणी घ्यावे लागले आणि इंधनाची तुंबलेली नळी त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली, असे सांगितले जाते. इतिहासाने हे सर्व टिपले. बाजूला उभे राहून ‘मिस्टर कुठे आहेत तुमचे?’ असे विचारणारा जर्मन गृहस्थ तेवढा टिपायचा राहून गेला. आपल्याकडचा बॉनेट-बृहस्पती हा प्रश्न आजही न चुकता विचारतो, आणि समोरच्या बाई स्वतःच यंत्र-अभियंता आहेत असे कळल्यास ‘असू दे वहिनी, तुम्ही सावलीत बसा’ असे म्हणून त्यांचा दोष उदारपणे पोटात घालतो.

त्याचे ज्ञान खोटे असते असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. ते एका विशिष्ट काळातील असते, एवढेच. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून जी फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली आणि जिला पुढे पद्मिनी हे नाव मिळाले, ती गाडी म्हणजे त्याचे विद्यापीठ होय. तिच्या बॉनेटखाली सगळे कसे नजरेसमोर असे: पुढे रेडिएटर, म्हणजे ज्याच्या बारीक नळ्यांतून इंजिनाचे गरम पाणी फिरून वाऱ्याने निवते तो जाळीदार भाग, त्यामागे पंखा, आणि तो पंखा व पाणी फिरवणारा पंप या दोहोंना इंजिनाच्याच बळावर फिरवणारा फॅनबेल्ट नावाचा रबरी पट्टा. तापण्याची कारणेही मोजकी असत. पट्टा तुटला किंवा सैल पडला, होस पाइप फाटला, पाणी संपले. आणि पट्टा तुटला तर डिकीत दुसरा असेच. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली, परंतु बॉनेट-बृहस्पतीच्या मनातून ती हललेली नाही, आणि त्यामुळे तो नव्या गाडीच्या प्लॅस्टिकच्या झाकणांनी मढवलेल्या इंजिनाकडे पाहतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर प्रथम, आपला वाडा पाडून तेथे सोसायटी उभी राहिलेली पाहणाऱ्या माणसाचा विषाद उमटतो. ‘पूर्वीचं लोखंड राहिलं नाही,’ हे वाक्य तो याच वेळी उच्चारतो.

विषाद ओसरताच त्याचा हात रेडिएटरच्या टोपणाकडे जातो, आणि येथे विनोद काही काळ बाजूला ठेवणे आवश्यक आहे. हे टोपण निव्वळ झाकण नसून, कुकरच्या शिटीप्रमाणे आतील दाब राखून ठेवणारी झडप असते. पाणी साध्या हवेच्या दाबाखाली १०० अंश सेल्सिअसला, आणि लोणावळ्याच्या सुमारे सव्वासहाशे मीटर उंचीवर ९८ अंशांच्या आसपास उकळते; परंतु टोपणाने बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे एक बार अधिक दाब धरून ठेवल्यास तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि ग्लायकॉल मिसळलेले शीतनद्रव्य, ज्याला सर्वत्र कूलंट म्हणतात, ते त्याहूनही अधिक तग धरते. तापलेल्या गाडीचे टोपण फिरवले की हा दाब क्षणात नाहीसा होतो, आतले द्रव एका दमात उकळी फुटून उसळते आणि तोंड, मान व हात भाजून काढते. हे सर्व ठाऊक असल्यामुळेच की काय, बॉनेट-बृहस्पती खिशातून रुमाल काढतो, त्याची नीट चौपदरी घडी घालतो, ती टोपणावर ठेवून पाहतो, आणि मग मागे सरून गाडीच्या मालकाला म्हणतो, ‘साहेब, उघडा आता.’

औषधयोजनेत त्याचा सर्वांत आवडता प्रयोग म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणे. थर्मोस्टॅट ही इंजिन आणि रेडिएटर यांच्या वाटेवरची झडप असून तिच्या धातूच्या कुपीत मेण भरलेले असते. इंजिन गार असताना ती मिटलेली राहते, आणि पाणी ८२ ते ८८ अंशांच्या आसपास पोहोचले की मेण वितळून फुगते, दांडी ढकलली जाते व रेडिएटरकडे जाणारा मार्ग खुला होतो. इंजिनाला गार ठेवणे हा तिचा हेतू नसून त्याला योग्य तेवढे गरम ठेवणे हा आहे, हे वाक्य बॉनेट-बृहस्पतीच्या कानी पडले तरी मनात शिरत नाही. ‘ती थंड मुलखातली भानगड आहे, आपल्या हवेला लागत नाही,’ या सिद्धान्तावर त्याने आजवर असंख्य थर्मोस्टॅट काढायला लावले आहेत. झडप काढलेले इंजिन मोकळ्या रस्त्यावर पुरेसे तापत नाही, गाडीचा संगणक ते अजून गारच आहे असे समजून जास्त इंधन देत राहतो, ऑइलमधली ओल उडून जात नाही आणि त्याचा चिखल होऊ लागतो. त्याहून मौजेचा भाग असा, की पुष्कळ इंजिनांत हीच झडप उघडताना दुसऱ्या बाजूची एक आडवाट बंद करत असते. झडपच नाहीशी झाली की ती आडवाट सताड उघडी राहते, गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरचे तोंडही न पाहता परत इंजिनात शिरतो, आणि ज्या रोगावर औषध दिले तोच रोग औषधाने वाढतो. अशा वेळी बॉनेट-बृहस्पती डगमगत नाही. ‘मी आधीच म्हटलं होतं, हेड गेलं.’

गळणाऱ्या रेडिएटरमध्ये हळद टाकणे हाही त्याच्या पोतडीतला एक प्रयोग आहे. हळदीने बारीक छिद्र काही काळ बुजते हे खरे, परंतु छिद्र कोणते आणि कामाची नळी कोणती हे हळदीला कळत नसल्याने ती दोन्ही सारख्याच निष्ठेने बुजवते. दोन बॉनेट-बृहस्पती एकाच गाडीपाशी जमले तर हळद मागे पडून कूलंट हिरवे चांगले की लाल, यावर वाद पेटतो. हा रंग उत्पादकाने आपल्या सोयीने घातलेला असतो, त्यावरून गुण कळत नाही, आणि गाडीच्या पुस्तिकेत कोणते कूलंट सांगितले आहे एवढेच पाहायचे असते. परंतु पुस्तिका डिकीतल्या कप्प्यात सीलबंद असते आणि ती उघडण्याचा आग्रह दोघांपैकी कोणीही धरत नाही.

‘हेड गेलं’ या निदानाचाही न्याय्य विचार झाला पाहिजे. हेड म्हणजे इंजिनाचा माथा, आणि तो व खालचा भाग यांमध्ये बसवलेले गॅसकेट नावाचे पातळ पान तापून फाटले, तर जळालेला वायू पाण्यात व पाणी ऑइलमध्ये शिरू लागते. मग सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर थांबता थांबत नाही, ऑइल दुधाळ होते, कूलंटच्या बाटलीत बुडबुडे येत राहतात आणि कुठेही गळती न दिसता पाणी कमी होत जाते. या चारपैकी एकही खूण न तपासता दिलेले निदान क्वचित बरोबरही निघते, आणि त्या एका वेळेवर पुढची वीस वर्षे भागवता येतात. वास्तविक प्रथम विचारावयाचा प्रश्न अगदी साधा आहे: गाडी उभी असताना तापते की पळताना? उभी असताना किंवा कोंडीत तापत असेल आणि वेग घेतल्यावर निवत असेल, तर वारा पुरवणाऱ्या पंख्यावर संशय घ्यावा. पळताना, चढावर तापत असेल, तर पाण्याच्या फिरण्यात अडथळा असावा, म्हणजे क्षाराने तुंबलेला रेडिएटर, झिजलेला पंप किंवा अडकलेला थर्मोस्टॅट. हा प्रश्न बॉनेट-बृहस्पती विचारत नाही, कारण त्याचे उत्तर समोरच्याला माहीत असते आणि त्यामुळे व्याख्यानात खंड पडतो.

त्याच्या व्याख्यानाची उपयुक्तता मात्र नाकारता येणार नाही. तापलेले इंजिन बंद करून किमान अर्धा तास त्याला हात लावू नये, लगेच गार पाणी ओतल्यास ॲल्युमिनियमचे हेड वाकण्याचा किंवा तडकण्याचा धोका असतो, हा सर्व जाणकारांचा सल्ला आहे. पण पाठीमागे वाहने हॉर्न देत असताना, मुले रडत असताना आणि पुण्याच्या मुहूर्ताची वेळ जवळ येत असताना अर्धा तास स्वस्थ बसणे कोणालाही जमत नाही. बॉनेट-बृहस्पतीने पद्मिनीपासून प्रारंभ केला, की कुर्ला, मेहुणा आणि १९८० च्या दशकातील लोखंड या मार्गाने तो थर्मोस्टॅटपर्यंत येईतो पाऊण तास सहज उलटतो आणि तोवर गाडी निवते. त्याने आजवर वाचवलेल्या हेडांची संख्या त्याने काढायला लावलेल्या थर्मोस्टॅटांपेक्षा जास्त असण्याचा संभव आहे.

अखेरीस खोपोलीहून मिस्त्री स्कूटरवर येतो. त्याचे वय पंचविशीचे असते, तो कोणाकडेही पाहत नाही, बाटलीतल्या कूलंटची पातळी खुणेशी ताडतो, वरचा होस पाइप बोटांनी दाबून पाहतो आणि मालकाला एवढेच विचारतो, ‘काटा वर जायच्या आधी एसी गार करायचा थांबला होता का?’ मालक हो म्हणतो. रेडिएटर आणि एसीची पुढची जाळी या दोहोंना वारा देणारा पंखा बहुतेक गाड्यांत एकच असल्याने, तो थांबला तर आधी एसी कोमट होतो आणि मग इंजिन तापते. मिस्त्री फ्यूजच्या डबीचे झाकण काढतो, त्यातून पंख्याचा रिले, म्हणजे विजेचा प्रवाह जोडणारी काडेपेटीएवढी काळी ठोकळी, उपटतो, तशीच दुसरी ठोकळी हॉर्नच्या जागेवरून काढून तेथे बसवतो, आणि गाडी सुरू करून एसी लावतो. पंखा घरघरत फिरू लागतो. ‘आता घाटात हॉर्न वाजणार नाही,’ असे बजावून तो पैसे घेतो आणि निघून जातो. बॉनेट-बृहस्पती सावकाश पुढे होतो, रुमालाची घडी मोडून हात पुसतो आणि मालकाच्या खिडकीपाशी वाकून म्हणतो, ‘वायरिंगचं आहे हे मी पाहताक्षणीच ओळखलं होतं. पण साहेब, पुण्याला पोचल्यावर तो थर्मोस्टॅट तेवढा काढूनच टाका.’