गिचका भात

आमच्या घरी भात दोनच प्रकारचा असे: झालेला आणि बिघडलेला. झालेला म्हणजे शीत न् शीत सुटं, पारिजातकाची फांदी हलवावी तसं ताटात उतरणारं. बिघडलेला म्हणजे गिचका. या बाबतीत आई फार कडक होती. वाणी नवा तांदूळ जुना म्हणून गळ्यात मारू लागला, की ती दोन दाणे दाताखाली धरून त्याच्याकडे नुसती बघायची आणि तो मुकाट्यानं दुसऱ्या पोत्याकडे वळायचा. पाणी बोटाच्या पेरानं मोजायचं, आच कधी मंद करायची ते वासावरून ठरवायचं, आणि झाकण उचलल्यावर क्षणभर ती पातेल्यात अशी डोकावायची, जणू आत मॅट्रिकचा निकाल लावला आहे. क्वचित भात गिचका झालाच, तर घरात कुणी त्याचं नाव काढत नसे. दूरच्या नातेवाइकाची वाईट बातमी आल्यासारखे आम्ही खाली मान घालून जेवायचो.

अशा घरात वाढलेला मी सिंगापूरच्या अकराव्या मजल्यावर, रविवारी सकाळी, डुकराच्या बरगड्यांना चिकट तांदूळ थापत उभा आहे. आईनं हे पाहिलं असतं तर तिला नेमकं कशाचं वाईट वाटलं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. डुकराचं तिनं एक वेळ सोडून दिलं असतं. भाताचं मात्र मनाला लागलं असतं.

पण या उद्योगाची सुरुवात तिच्याच समोर झाली. २००९ मध्ये आम्हाला मुलगी झाली आणि आई बाळंतपणाला आली. सामानात डिंक, अळीव, सुपारीएवढी जायफळं आणि कपड्यांच्या घडीत गुंडाळलेलं मोदकपात्र. शेजारी वूहानचं एक जोडपं राहत होतं. त्यांच्याकडेही तान्हं बाळ होतं आणि त्यांचीही आजी त्याच कामगिरीवर आली होती. दोन्ही दारांसमोरून जाणारा लांबलचक व्हरांडा आईला गिरगावातल्या चाळीची गॅलरीच वाटला. तिथे दोघी आपापलं नातवंड मांडीवर घेऊन बसत. एकीला चिनीखेरीज काही येत नव्हतं, दुसरीला मराठीखेरीज, त्यामुळे गप्पा अखंड चालत. शेजाऱ्यांचा थोरला, दोन वर्षांचा, आजीला सारखा ‘नाईनाई’ म्हणून हाका मारी. चिनी भाषेत वडिलांच्या आईला तसंच म्हणतात. आईला हे कळायला आठवडा लागला. तोवर तिची समजूत अशी, की पोर भलतंच हट्टी आहे, कशालाही ‘नाही नाही’ म्हणतं.

एके दिवशी नाईनाईंनी वाडगाभर पदार्थ पाठवला. बोटभर लांबीच्या बरगड्या, त्यांवर मोत्यांसारखे चमकणारे तांदूळ आणि वर कांद्याच्या पातीची हिरवी पखरण. बरगड्या मी गुपचूप बाजूला केल्या, पण आईचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतंच. तिनं चमच्यानं भात जरासा हलवला. सगळा भात एकदमच हलला. “बिचारीचा भात गिचका झालाय गं,” ती माझ्या बायकोला हळूच म्हणाली. “परका मुलूख, परकी शेगडी. व्हायचंच.” दुसऱ्या दिवशी शेजारधर्म म्हणून तिनं एक वाडगा धाडला: जुन्या तांदळाचा पांढराशुभ्र मोकळा भात, वर तुपाची धार. त्यात थोडी माया होती आणि थोडी शिकवणीही. नाईनाईंनी दारातच काड्या आणल्या आणि भात उचलू लागल्या. शितं पारा सांडावा तशी निसटत होती. त्यांनी मान वर करून आईकडे पाहिलं, आणि आदल्या दिवशी आईच्या चेहऱ्यावर होती तीच करुणा मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसली. संध्याकाळी लिफ्टमध्ये त्यांचा मुलगा संकोचून म्हणाला, “आई विचारतेय, तुम्हाला तांदूळ फार जुना मिळतो का? आमच्याकडचा देऊ?” जुन्या तांदळासाठी आईनं आयुष्यभर वाण्याला जास्तीचे पैसे मोजले होते, हे त्याला कोणत्या भाषेत सांगायचं ते मला सुचलं नाही.

पुढे नाईनाईंनी तो पदार्थ मला बोटांच्या भाषेत शिकवला. चिकट तांदूळ कच्चा असतानाच वेगळा ओळखू येतो. आपला दाणा काचेसारखा, प्रकाश थोडा आत घेणारा. हा खडूसारखा अपारदर्शक. तो रात्रभर पाण्यात भिजवायचा. का, ते मला नंतर कळलं: भात उकळला की दाणा पोटभर पाणी पितो, वाफेवर त्याला घोटच मिळतात, म्हणून तहान आधीच भागवून ठेवावी लागते. बरगड्यांचं रक्त पाण्यात उतरवून घ्यायचं, मग आलं, पातीचा पांढरा भाग, सोया सॉस, चिमूटभर साखर, पांढरी मिरी आणि शाओशिंगची वाइन चोळून ठेवायच्या. ही वाइनही चिकट तांदळाचीच असते. म्हणजे तांदूळ आधी द्रवरूपानं बरगडीत शिरतो आणि मग दाण्यांच्या रूपानं तिला बाहेरून मिठी मारतो. एकेक तुकडा तांदळात घोळवायचा, बांबूच्या करंडीत कमळाच्या वाळक्या पानावर मांडायचा, आणि तास-सव्वा तास वाफ. मांस हाडापासून सुटायला येतं आणि भात मांसाला धरून बसतो.

नाईनाईंच्या हुबेई प्रांतात वाफेला मोठा मान. तिथलं जुनं म्यानयांग, ज्याला आता श्यानताओ म्हणतात, ‘तीन वाफवलेल्यां’साठी प्रसिद्ध आहे: मांस, मासे आणि भाज्या, तांदळाच्या भरडीत घोळवून वाफवलेल्या. हे वाचलं तेव्हा मला हळदीच्या पानातल्या पातोळ्या आठवल्या, आणि आईचं एक जुनं गुपितही उघडं पडलं. मोदकाच्या पिठीसाठी तिला नवाच तांदूळ लागे, चिकट असतो म्हणून. नाहीतर कळ्या पाडताना पारी फाटते. ज्या गुणासाठी भाताला वर्षभर नावं ठेवायची, त्याच गुणाची भाद्रपदात आरती.

या चिकटपणाचं शास्त्र साधं आहे. तांदळाच्या स्टार्चमध्ये दोन प्रकारचे रेणू असतात: सरळ साखळीचं अमायलोज आणि फांद्याफांद्यांचं अमायलोपेक्टिन. अमायलोज जास्त, तितका भात मोकळा. चिकट तांदळात ते जवळजवळ नसतंच. पण चिनी लोकांनी या फांद्यांना काय काय बांधून ठेवलं ते पाहिलं, की हसू येतं आणि हात जोडावेसेही वाटतात. मिंग काळात तटबंदीच्या विटा सांधायला चुन्यात चिकट तांदळाची पेज मिसळत. २०१० मध्ये चीनच्या झेजियांग विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की त्या सांध्यांची बळकटी या अमायलोपेक्टिनमुळेच आहे. आपल्याकडेही चुन्याच्या घाणीत गूळ नि बेलफळ पडायचं, पण उरलेला भात भिंतीला लावायचं आमच्या घरात कुणाला सुचलं नाही. गिचका झालेल्या दिवशी आईनं तो आनंदानं दिला असता. त्याहून गोड गोष्ट चुलीच्या देवाची. वर्षअखेरीला हा देव स्वर्गात जाऊन घराघरातल्या कागाळ्या सांगतो, म्हणून निघण्यापूर्वी त्याला चिकट वडी खाऊ घालतात. तोंड उघडलंच नाही, तर सांगणार काय! आपण देवाला नैवेद्य दाखवून प्रसन्न करतो; हे लोक त्याचे दात चिकटवून मोकळे होतात.

नाईनाई वूहानला परतल्या, जाताना करंडी माझ्या दारात ठेवून गेल्या. पुढे ते जोडपंही गेलं. माझ्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर मोदकपात्र असतं आणि खालच्या फळीवर करंडी. एकीनं दुसरीचा विटाळ मानलेला नाही, पण जागाही बदललेली नाही. दोघी जावांसारख्या राहतात.

काल रात्री तांदूळ भिजवायला विसरलो. सकाळी तासाभरावर भागवलं, बरगड्या मांडल्या, वाफ दिली. सव्वा तासानं झाकण उचललं आणि पातेल्यात डोकावणाऱ्या आईसारखाच क्षणभर थांबलो. प्रत्येक दाणा ताठ उभा. बरगडी उचलली तर शितं घरंगळून पानावर पडली, एकेक सुटं. जन्मात पहिल्यांदा मला गिचका भात हवा होता, आणि आईनं तो होऊ दिला नाही. मी गरम पाण्याचा हबका मारला, झाकण पुन्हा लावलं आणि वाट बघत बसलो.

वाट बघताना ध्यानात आलं, की आपण एवढा जीव टाकून शितं सुटी करतो, आणि ताटात वरण-तूप पडलं की पहिलं काम काय, तर ती कालवून, दाबून, त्यांचा घास करायचा. आईसुद्धा तेच करायची. तान्ह्याला मऊ भात, तापकऱ्याला आटवल, दात पडलेल्याला गुरगुट्या. ज्याला कुणी भरवावं लागतं, त्याच्यासाठी आपल्या घरांत भात कधीच मोकळा नव्हता. शेवटच्या वर्षी आईला गिळायला त्रास व्हायचा. मी सुट्टी काढून गेलो होतो. मऊ भातात मेतकूट-तूप कालवून चमचा पुढे केला, तेव्हा तिनं आधी चमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “गिचका झालाय,” ती म्हणाली, आणि तोंड उघडलं. सगळी वाटी संपवली.

वीस मिनिटांनी झाकण काढलं. वाफ आधी करंडीवर रेंगाळली आणि मग वर, मोदकपात्राकडे गेली. काड्यांनी एक बरगडी उचलली. एकही शीत खाली पडलं नाही. काड्या बाजूला ठेवल्या, हातानंच भात जरा दाबला, घास केला.

“झाला,” मी रिकाम्या स्वयंपाकघरात म्हणालो, “छान गिचका झालाय.”