रिकव्हरीकाका

काकांचा फोन लोगोवर अटकला त्या सकाळी काकू आमच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, काकांचंच काही झालं.

"चालू होते नं बंद होते, चालू होते नं बंद होते," काकू म्हणाल्या. "मधातच थरथरते बी."

मी चप्पल शोधत विचारलं, "डॉक्टरला फोन केला का?"

"कशानं करू? फोनच तर थरथरून राहिला नं."

आमच्या वॉर्डात त्यांना रिकव्हरीकाका म्हणतात. हे नाव फोनांच्या खटपटीमुळे पडलं, असं नव्या भाडेकरूंना वाटतं. तसं नाही. काका 31 वर्षं एका पतसंस्थेत वसुलीला होते. लुनावरून सेलू, देवळी, समुद्रपूर, हिंगणघाट. कापूस घरात आला की काका ओसरीत. आवाज चढवला नाही, जप्तीची धमकी दिली नाही, नुसते बसत. चहा आला तर चहा घेत, नाही आला तर पाणी मागत. तिसऱ्या फेरीला घरातली म्हातारीच म्हणे, "देऊन टाका रे बाप्पा याचे पैसे, रोज रोज चहापत्ती कुठून आणू?" वायगावच्या एकाने पैशाऐवजी हळदीचं पोतं पुढे केलं, तर काकांनी ते लुनावर घालून वर्ध्याच्या बाजारात त्याच्याच नावानं विकलं आणि पावती फाडून त्याला नेऊन दिली. कर्ज थकतं, पण बुडत नाही, हा त्यांचा सिद्धान्त. संचालकांच्या सभेत 'निर्लेखन' हा शब्द निघाला की काका पाणी प्यायला उठत.

अशा माणसाच्या हातात बिघडलेला फोन पडला. बाकीचं तुम्ही ताडलंच असेल, तरी सांगतो, कारण मधे माझा लॅपटॉप आहे.

अपडेटची सूचना त्या फोनवर तीन वर्षं येत होती. काका तिच्याकडे दारावर आलेल्या विक्रेत्यासारखं पाहत आणि बोटानं बाजूला सारत. पण काकांना ईपीएस-95 ची पेन्शन आहे, आणि तिला वर्षातून एकदा हयातीचा दाखला लागतो. 2022 पासून हा दाखला मोबाइलला चेहरा दाखवूनही देता येतो. काकांनी चेहरा दाखवला. फोन म्हणाला, तुमची आवृत्ती जुनी आहे. काका म्हणाले, हे मले मालूम आहे, पण जिवंत आहे. फोन ऐकेना. तेव्हा काकांनी, स्वतः जिवंत असल्याचं सिद्ध करण्यासाठी, अपडेट दाबलं. आणि फोन मेला.

बॅटरीनं दगा दिला. पडद्यावर 54 टक्के दिसत होते. जुनी बॅटरी टक्के सांगते ते थकबाकीदारासारखे: 'आहे जी, भरपूर आहे, पुढच्या हंगामात देतो.' प्रत्यक्ष काम पडलं की हातात काही नाही. त्यात फोनची साठवण सुप्रभातच्या गुलाबांनी गच्च भरलेली. नव्या घडणीच्या पुष्कळ फोनांत, म्हणजे 2016 च्या अँड्रॉइड 7 नंतर, सिस्टीमच्या दोन प्रती ठेवायची सोय आली. नवी नीट चढली नाही, तर फोन जुनीवर परत येतो. काकांच्या फोनात घर एकच. ते पाडून तिथेच नवं बांधायला घेतलं, अर्धी भिंत उभी असताना चार्जिंग संपलं आणि गवंडी पळाला.

मी पोहोचलो तेव्हा काका खाटेवर बसून फोनकडे पाहत होते. लोगो आला. गेला. फोन थरथरला. परत लोगो.

"मेला काका हा," मी म्हटलं.

"काहून? लोगो दाखवून राहिला नं? कर्जदार दार उघडते म्हणजे तो घरी आहे. घरी आहे म्हणजे वसुली होते."

त्यांनी निळ्या दोरीची फाइल काढली. वर लिहिलं, 'फोन प्रकरण'. आत रोजनामा सुरू झाला. तो मी पुढे वाचला आहे. 'दि. 4. समक्ष हजर. लोगो दाखविला. पुढे काही बोलत नाही.' 'दि. 5. सकाळी 6 पासून 11 वेळा प्रयत्न. आश्वासन दिले, पाळले नाही.' 'दि. 6. गरम झाला. मातीच्या माठाजवळ ठेवला.' रोजच्या नोंदीखाली 'पुढील तारीख' हा रकाना होता.

याच फाइलीत एक कात्रणही होतं. 2020 संपता संपता शाओमीच्या 'मी ए-थ्री' या फोनला अँड्रॉइड 11 चं अपडेट आलं आणि जागोजागचे फोन दगड झाले. कंपनीने अपडेट थांबवलं आणि वॉरंटी न पाहता भारतातले फोन फुकट दुरुस्त करून द्यायचं कबूल केलं. काकांचा फोन त्या कंपनीचाही नव्हता आणि त्या मॉडेलचाही नव्हता. पण वसुलीच्या फाइलीत मागचा निवाडा जोडलेला असावा लागतो.

मग बजाज चौक. मोबाइलच्या दुकानातला पोरगा हुशार होता. काचेखाली बोर्ड, हातात गरम हवेची बंदूक, डोळ्याला भिंग. त्याने फोन उलटासुलटा केला आणि सगळ्या महाराष्ट्रात म्हणतात तेच म्हणाला, "सॉफ्टवेअर मारा लागते."

"मारा लागते म्हणजे?"

"फ्लॅश मारतो. 300 रुपये. डाटा जाईन."

वर्ध्यात 'मारणं' हा शब्द जपून वापरावा. इथला माणूस एरवी कसाही वागो, पैसे खर्च करायची वेळ आली की त्याच्या अंगात बापू संचारतात. काका तिथेच स्टुलावर बसले. "सेवाग्रामच्या आश्रमात जाऊन पाह्य," ते पोराला म्हणाले. "साप पकडाचा चिमटा आहे तिथं, पिंजरा आहे. साप धरायचे नं दूर नेऊन सोडायचे. सापाले मारलं नाही लोकायनं, अन तू माझ्या फोनले मारतं?"

"काका, सॉफ्टवेअर मारतो, फोनले नाही."

"आधी दुसरे उपाय सांग."

पोरानं उपाय सांगितले, कारण काका दुकानात बसले होते आणि उठायचं चिन्ह नव्हतं. फोन बंद करून पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकदम दाबून ठेवायचं. काळा पडदा येतो, त्यावर पाठीवर पडलेला हिरवा रोबो, पोट उघडं, वर लाल त्रिकोण, खाली 'नो कमांड'. पाहणाऱ्याला धसका बसतो. पण हे शवागार नाही, दवाखाना आहे. बटणांचा आणखी एक मेळ जमला की यादी उघडते. तिला म्हणतात रिकव्हरी मोड.

"काय मोड?" काकांनी दोनदा विचारलं. मला त्यांच्या डोळ्यांत पतसंस्थेचं फाटक दिसलं.

ते काम घरी येऊन झालं. काकांच्या फोनचं आवाजाचं बटण आत गेलेलं, म्हणून ते काकूंनी उदबत्तीच्या काडीनं दाबायचं, पॉवर काकांनी, आणि आकडे मी मोजायचे. सातव्या खेपेला यादी उघडली. मी वाचत होतो. 'वाइप कॅश पार्टिशन.' "हे करू. कॅश पुसली की कधी कधी चालू होतो."

काकांनी माझा हात धरला. "कॅश पुसाची नाही."

"काका, ही ती कॅश नाही. हा साठवलेला कचरा आहे, तात्पुरता. त्यानं फोटो जात नाहीत."

"31 वर्षांत मी कॅशले पुसून काढलं नाही. आता करू?"

पाऊण तास गेला. शेवटी काकूंनी, "कचऱ्याले कॅश म्हणते तं म्हणू द्या नं," असा निवाडा दिला आणि कॅश पुसली गेली. फोन तरी लोगोवरच. यादीत खाली 'वाइप डेटा' होतं. तिकडे काकांनी पाहिलंसुद्धा नाही. ते निर्लेखन होतं.

याच सुमारास पुण्याहून काकांच्या चिरंजीवांचा फोन आला, माझ्या मोबाइलवर. नवा घेऊन देतो, जुना एक्स्चेंजमध्ये टाका, साडेचारशे मिळतात. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "एकरकमी तडजोड," ते मला म्हणाले. "मुद्दलही नाही, व्याजही नाही. असे प्रस्ताव मी संचालकायच्या तोंडावर परत केले."

मी इथे सांगून टाकतो की मुलाचं बरोबर होतं. ज्या फोनला सुरक्षेचे सुधार मिळणं केव्हाच थांबलं आहे, त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत. हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, त्यावर मी बँकेचा व्यवहार करत नाही, मला बँका माहीत आहेत.

मग लॅपटॉप. बजाज चौकातला पोरगा तोवर काकांचा झाला होता; थकबाकीदारांचं व्हायचं तसंच त्याचं झालं. दुकान बंद करून तो आमच्याकडे आला, येताना केबल घेऊन आला. वर 300 नकोत म्हणाला. तो आणि मी मिळून कंपनीची मूळ फाइल उतरवली, दोन जीबीच्या वर. ती फोन घेईना. नाव तेच, मॉडेल तेच, पण मागच्या झाकणाखालचा कोड वेगळा. एकाच नावाचे दोन फोन निघालेले, आतली घडण निराळी. मला हे समजवायला वेळ लागला असता. काकांना क्षणात कळलं. "शेगावसारखं," ते म्हणाले. गांधीजी 1936 मध्ये इथल्या शेगावात राहायला आले तेव्हा त्यांचं टपाल बुलडाण्याच्या शेगावला जायचं. 1940 मध्ये नाव बदलून सेवाग्राम केलं तेव्हा कुठे टपाल ठिकाणावर आलं. आम्ही आमचं टपाल बरोबर कोडावर पाठवलं.

पडद्यावर दोन पर्याय होते. 'फॉरमॅट ऑल' आणि 'डाउनलोड ओन्ली'. पहिल्यानं सगळं धुऊन निघतं, आयएमईआय क्रमांकासकट. आयएमईआय म्हणजे फोनचा सातबारा. तो गेला की फोन असतो, पण नेटवर्क त्याला ओळखत नाही. दुसऱ्यात यादीतल्या 'यूजरडेटा'पुढची खूण काढली की सिस्टीम तेवढी नव्यानं चढते आणि माणसाचं सामान जागेवर राहतं. सगळ्या भानगडीची किल्ली ही एक खूण. ती पोरानं काढली, मी तपासली, काकांनी चष्मा लावून तपासली, आणि रोजनाम्यात काकूंची साक्ष घेतली. आधी तांबडी पट्टी धावली, मग जांभळी, मग पिवळी. पिवळी 63 वर थांबली तेव्हा काका उठून पाणी प्यायला गेले. परत आले तोवर पडद्यावर हिरवं वर्तुळ आलं होतं.

तो 19 वा दिवस. फोन उघडला. गुलाब सगळे जिवंत होते. काकांनी ते ओलांडून सरळ संपर्कांची यादी काढली, आणि मी पहिल्यांदा ती पाहिली. 'थकीत सेलू'. 'थकीत देवळी मोठा'. 'थकीत देवळी लहाना'. 'चुकता आंजी'. 'चुकता वायगाव हळद'. 'जामीनदार पुलगाव, रडतो'. एकाचंही नाव नाही. हे क्रमांक त्यांनी कुठे उतरवलेले नव्हते, गूगलवर ठेवलेले नव्हते, कारण पासवर्ड दुसऱ्याच्या दारात ठेवायची वस्तू नव्हे असं त्यांचं मत आहे. संस्थेशी त्यांचा संबंध संपून कितीतरी वर्षं झाली आहेत.

"आता कायले पाहिजे हे?" मी विचारलं.

तेवढ्यात फोन वाजला. 'थकीत सिंदी'. तान्ह्या पोळ्याला या म्हणून आमंत्रण होतं. नातवानं लाकडी बैल सजवला आहे, तो पाहायला. काकांनी येतो म्हटलं, आणि फोन ठेवायच्या आधी, सवयीनं, विचारलं, "यंदा कापूस कसा हाये?" पलीकडे जरा वेळ कोणी बोललं नाही.

हयातीच्या दाखल्याचं राहिलंच. तो काकांनी फोन मेल्याच्या दुसऱ्याच दिवशी पोस्टमनला घरी बोलावून, अंगठा लावून, 70 रुपयांत देऊन टाकला होता. दहा मिनिटं लागली. रोजनाम्यात त्याची नोंद नाही. तो प्रकरणाचा भाग नव्हता.

आता त्यांच्या कपाटात इतरांचेही फोन येऊन पडले आहेत. वर्धा हा दारूबंदीचा जिल्हा आहे, आणि इथे दारू जशी मिळते तशीच कंपनीने केव्हाच बंद केलेली बॅटरीही मिळते. कुठून, हे विचारायचं नसतं. काका विचारत नाहीत, फक्त पावती मागतात. पाहुण्यांना ते अजूनही सेवाग्रामला नेतात आणि व्हाइसरॉय लिनलिथगोने गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून बसवून घेतलेला तिथला टेलिफोन दाखवतात. त्याच्यापुढे काका जरा जास्तच वेळ उभे राहतात. मागच्या खेपेला त्यांनी मला हळूच विचारलं, याची वायर कुठवर शाबूत असंल रे?

तुमच्याकडे एखादा फोन लोगोवर अटकला असेल तर आर्वी नाक्याच्या बाजूनं या आणि रिकव्हरीकाका म्हणून विचारा. येताना गोरस पाक आणा, काकूंना आवडतो. चार्जर स्वतःचा आणा. आधी फोन करून विचारू नका. त्यांचा फोन दुपारभर चार्जिंगला असतो, आणि चार्जिंगला असताना ते उचलत नाहीत.