फिल्टर बदलणारे अण्णा

प्रत्येक सोसायटीत एक अण्णा असतात. कुठे त्यांना नाना म्हणतात, कुठे भाऊ. पण वीस वर्षांची गाडी आणि तिच्याहून जुना पान्यांचा डबा या खुणांवरून ते लगेच ओळखू येतात. निवृत्त बँकेतून, जीव गॅरेजात. आमच्या अण्णांकडे मारुती ८०० आहे, २००३ सालची. कंपनीने २०१४ साली हे मॉडेल बंद केलं तेव्हा अण्णा म्हणाले, "आता माझ्या गाडीला भाव येणार." तो अजून यायचाय. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत पासिंग करून, पर्यावरण कर भरून त्यांनी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी दोनदा वाढवून घेतली. ते कागद आणि मुलाचं डिग्री सर्टिफिकेट एकाच फायलीत आहेत. फायलीवर नाव गाडीचं आहे.

या गाडीचा एअर फिल्टर बदलायचा म्हणजे सुरुवात शनिवारी नाना पेठेतून. "एमपीएफआय आठशेचा द्या, कार्बोरेटरवाल्याचा नको," हे अण्णा दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांनाही ऐकू जाईल अशा बेताने सांगतात. "कंपनीचा देऊ का लोकल?" हे दुकानदार सगळ्यांनाच विचारतो, पण अण्णांना तो आपल्या खानदानाबद्दलचा प्रश्न वाटतो. कंपनीचाच घेतात. पक्कं बिल घेतात. मग खोक्यातून काढून कागदाच्या घड्या मोजतात. मोजून कशाशी ताडून बघतात, हे मात्र आजवर कुणाला कळलेलं नाही.

रविवारी सकाळी नऊला बोनेट उघडतं. काम तसं काय? डब्याच्या क्लिपा सोडायच्या, झाकण उचलायचं, जुना फिल्टर काढायचा, डबा ओल्या फडक्याने पुसायचा, नवा नीट बसवायचा, क्लिपा लावायच्या. दहा मिनिटं. तेल सांडत नाही, गाडीखाली आडवं व्हावं लागत नाही, चुकूनही शॉक बसत नाही. अण्णा हे काम दुपारी एकपर्यंत पुरवतात. नुसता फिल्टर बदलून त्यांचं भागत नाही, तो लोकांना दाखवायचाही असतो.

त्यासाठी एक पोरगा लागतो. पार्किंगमध्ये क्रिकेट खेळणाऱ्यांपैकी जो पळायला उशीर करतो, तो सापडतो. "टॉर्च धर." सकाळी नऊच्या उन्हात टॉर्च. "इकडे नाही रे, तिकडे. माझ्या हातावर कशाला मारतोस?" आजपर्यंत एकाही मुलाला तो टॉर्च बरोबर धरता आलेला नाही. पहिली क्लिप सुटते, दुसरी ताणून बसते, तिसरी टणकन उडून कुणाच्या तरी स्कूटरखाली जाते. मग बी विंगचे दोन गृहस्थ पिशव्या खाली ठेवून वाकतात. हळूहळू माणसं जमतात. अण्णांना तेच हवं असतं.

झाकण निघालं की आत काय काय सापडतं! मागच्या उन्हाळ्यातली कडुनिंबाची पानं, उंदराने आणून ठेवलेली शेंगांची टरफलं. टरफलं चिमटीत धरून अण्णा वर बघतात आणि म्हणतात, "तिसरा मजला." तिसऱ्या मजल्यावरून खिडकी लागल्याचा आवाज येतो. मग ते काळा पडलेला फिल्टर बाहेर काढतात आणि डॉक्टर एक्स-रे बघतो तसा उजेडापुढे धरून मान हलवतात. पेशंट कोण, हे न कळून सगळेच गप्प होतात.

"एक लिटर पेट्रोल जाळायला हवा किती लागते? सांगा." कुणी सांगत नाही. "नऊ हजार लिटर! आपल्या रस्त्यावरची!" मी घरी येऊन हिशेब केला. वजनाने पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, त्यावरून आकडा साधारण तेवढाच येतो. अण्णांच्या बाबतीत पंचाईत ही आहे. त्यांचं बहुतेक सगळं बरोबर असतं. कागदाचा फिल्टर पाण्याने धुवायचा नाही, हेही बरोबर. तळमजल्यावरच्या एकाने तो धुऊन दोरीवर वाळत घातला होता, त्या गृहस्थांशी अण्णा अजून बोलत नाहीत.

गाडं अडतं ते ॲव्हरेजवर. फिल्टर बदलल्यावर संध्याकाळी कात्रजपर्यंत एक चक्कर होते आणि जाहीर होतं, "लिटरला दीड किलोमीटर वाढलं!" कार्बोरेटरच्या गाडीत हे घडू शकतं. तिथे फिल्टर चोंदला की हवा कमी पडते, पेट्रोल त्या मानाने जास्त जातं, काळा धूर निघतो. एमपीएफआय गाडीत मात्र हवेच्या मानानेच पेट्रोल सोडलं जातं, त्यामुळे पिकअप मार खातो, ॲव्हरेज फारसं हलत नाही. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ साली गाड्या तपासून हेच सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअर मुलाने हे अण्णांना मोबाइलवर दाखवलं. अण्णांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि मोबाइल परत देत म्हणाले, "अमेरिकेत धूळ कुठाय?"

जुना फिल्टर ते टाकत नाहीत. "वेळेला उपयोगी पडतो." बाल्कनीत तुळशीमागे असे बरेच जण वेळेची वाट बघत बसलेत. काकूंनी त्यातला एक भंगारवाल्याला दिला, तर अण्णांनी जिन्यात गाठून तो परत विकत घेतला.

तरी मला अण्णा पटतात. सोसायटीतल्या नव्या गाड्यांची बोनेटं मालकांनी शोरूममध्ये एकदा उघडून पाहिली असतील, तेवढीच. सर्व्हिसिंगला गेलं की व्हॉट्सॲपवर काळ्याकुट्ट फिल्टरचा फोटो येतो, आणि तो आपल्याच गाडीचा की कालच्या गिऱ्हाइकाचा हे न विचारता आपण 'ओके' कळवतो. बिलात मजुरी वेगळी लागते. अण्णांना असा फोटो पाठवायची कुणाची छाती नाही.

तेव्हा तुमच्या गाडीचा फिल्टर तुम्हीच बदला. पुस्तिकेत किलोमीटर दिलेले असतात, धुळीच्या रस्त्यावर त्याच्या आधीच बघा. डबा पुसताना इंजिनाकडच्या नळीत कचरा पडू देऊ नका आणि रबराची कड सगळीकडून नीट बसली का ते बोट फिरवून पाहा. फक्त हे काम अण्णा देवळात गेले असताना उरका.