नव्वद मिनिटांचं विकतचं दुखणं

काय म्हणावं तरी काय या लोकांना? चांगली धडधाकट, खाऊनपिऊन सुखी माणसं. कुणाचं गुजरीत दुकान, कुणाची बँकेत नोकरी, कुणी शाळेत पोरांना शिस्त लावतंय. आणि कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीचा सामना लागला, की याच माणसांना दरदरून घाम फुटतो, तोंडाला कोरड पडते, दुपारचा घास घशाखाली उतरत नाही. मैदानात पळणारे बावीस जण वेगळेच, धाप लागते ती गॅलरीत बसलेल्याला! ‘बाबा रे, तुला होतंय तरी काय?’ असं विचारलं तर उत्तर येतं, ‘काय नाही, मॅच बघतोय.’ आणि याला म्हणे करमणूक म्हणायचं. पदरचे पैसे मोडून तिकीट काढायचं, भर उन्हात जीव टांगणीला लावायचा आणि घरी जाऊन बीपीची गोळी घ्यायची. त्यापेक्षा दाताच्या डॉक्टरकडे जाऊन बसलेलं काय वाईट? तिथं निदान बधिर तरी करतात.

बरं, यात निवडीला काही वाव? छे! ज्या पेठेत पाळणा हलला, त्या पेठेची तालीम आपली. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. रेशनकार्डावर नाव चढायच्या आधी पोराचं नाव यातल्या एकाला लागलेलं असतं. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, तालमी नांदत्या झाल्या, लाल मातीत शड्डू घुमले. पुढं त्याच तालमींच्या नावानं पोरं अर्ध्या चड्डीत चेंडूमागं धावायला लागली आणि पेठांची झोप उडाली ती उडालीच. आता तर पेठेची अब्रू राखायला थेट नायजेरियातून गडी आणतात! कालपर्यंत कोल्हापूर नकाशात कुठं आहे हे ज्याला ठाऊक नव्हतं, त्याचा पाय मुरगळला म्हणून अख्ख्या गल्लीत चूल पेटत नाही.

त्यातून ज्या घरात मंगळवार पेठेतली पोरगी शिवाजी पेठेत सून म्हणून आलेली असते, त्या घराची कथा तर विचारूच नका. हुंडा, मानपान, रुसवेफुगवे हे सगळं निस्तरता येतं. पण माहेरच्या तालमीनं सासरच्या तालमीवर गोल मारला, तेव्हा सूनबाईच्या चेहऱ्यावर जे अर्धा सेकंद हसू उमटलं, ते सासूनं बघितलेलं असतं. त्याचा उल्लेख पुढच्या संक्रांतीला होतो.

गॅलरीतला शेवटच्या दहा मिनिटांचा तमाशा बघा एकदा. आपण एक-शून्यनं पुढं असलो, तर रेफरीसारखा आळशी माणूस जगात दुसरा नाही. ‘वाजव की रे शिट्टी! रात्र करतोस काय?’ आणि आपण मागं असलो, तर तोच रेफरी कसा घायकुतीला आलेला! ‘कुठं लग्नाला जायचंय का तुला?’ प्रत्येकजण कोच. ज्यानं आयुष्यात रिक्षाच्या टायरला सोडून कशाला लाथ मारली नाही, तो स्ट्रायकरला अँगल शिकवतो. ‘भावा, सोड की बॉल! आरं, मार की! मारलास कशाला पण?’ हे तिन्ही हुकूम एका श्वासात. कॉर्नर लागला की पाय आपोआप हलतात आणि पुढच्या पायरीवरच्या माणसाच्या पाठीत लाथ बसते. तोही मागं वळून बघत नाही. त्यानं आपली आधीच पुढच्याला पोचवलेली असते.

पेनल्टी मिळाली की एक जमात हमखास उठून गॅलरीमागं जाते. वय पन्नाशीच्या पुढं, मिशीला पीळ, एरवी कुणाच्या बापाला न भिणारी. भिंतीकडे तोंड करून उभी राहतात ही माणसं! बघवत नाही म्हणे. मग आरडाओरडा कुठल्या बाजूनं उठला, त्यावरून गोल झाला की गेला हे ताडायचं. आलात कशाला मग, असं यांना विचारायची सोय नाही. पोलीस बंदोबस्त असतो, पण तो असल्या चौकशा करणाऱ्यांच्या रक्षणाला पुरेल याची खात्री नाही.

घरात टीव्हीपुढं बसणाऱ्यांची तऱ्हा आणखी निराळी. तिथं सगळा कारभार ग्रहांवर. पहिला गोल झाला तेव्हा दादा डाव्या कुशीवर होता? मग पडून राहा तसाच, मुंग्या आल्या तर येऊ देत. आई पोळ्या लाटताना गोल झाला? मग लाट आणखी! पीठ संपलं तरी पोळपाट सोडायचा नाही. जर्सी धुवायची नाही, हे तर आता शास्त्रच झालं. आणि या सगळ्यात खरी पंचाईत होते ती पांढऱ्या पायाच्या माणसाची. असा एक प्रत्येक घरात असतोच. तो आत येऊन ‘स्कोर काय?’ विचारतो आणि विचारतो न विचारतो तोच आपल्या जाळ्यात चेंडू. धाकटा भाऊ असेल तर हाकलता येतो. पण तो थोरला जावई निघाला तर? ‘जावईबापू, जरा गंगावेशीत दूध कट्ट्यावर जाऊन धारोष्ण दूध पिऊन या की!’ इतकंच म्हणता येतं. त्या बिचाऱ्याला वाटतं, काय हा पाहुणचार! दोन गोल पडले त्या रात्री दोनदा दूध प्यायले म्हणे एक जावई.

हसू नका. 1998 च्या विश्वचषकात फ्रान्सचा लोरां ब्लां सामन्याआधी गोलकीपर बार्थेझच्या टकलाचा मुका घ्यायचा, अख्ख्या जगासमोर. आणि फ्रान्स जिंकलं! आता सांगा, आमच्या जर्सी न धुणाऱ्यांनी काय पाप केलं?

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. पण घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! दर चार वर्षांनी विश्वचषक येतो आणि तालमीपायी आधीच अर्धमेले झालेले हे लोक अर्जेंटिना नाहीतर ब्राझील दत्तक घेतात. गल्लीच्या तोंडाशी झेंडे, चौकात मेस्सीचं, नेमारचं, रोनाल्डोचं दोन मजली कटआउट, खाली शुभेच्छुक म्हणून गल्लीतल्या पोरांचे पासपोर्ट फोटो. केरळात कोळिकोडजवळच्या पुल्लावूरला तर 2022 मध्ये नदीतच कटआउटं उभी केली होती. आमच्याकडे कुणाला हे सुचलं नाही, याची हळहळ अजून काहींच्या मनात आहे.

आणि या दत्तक नात्यानं दिलं काय? ब्राझीलवाल्यांना विचारा. 9 जुलै 2014 ची पहाट, आपल्याकडे दीड वाजता सामना सुरू. समोर जर्मनी. एकोणतीस मिनिटांत पाच गोल! त्यातले चार तर सहा मिनिटांत. अनेकांना वाटलं, टीव्हीवाले एकच गोल फिरवून फिरवून दाखवतायत. कुणी तोंड धुवायला गेला, परत आला तेव्हा दोन वाढले होते. सात-एक! दुसऱ्या दिवशी शहरात पिवळी जर्सी औषधालाही सापडली नाही, आणि सगळे अर्जेंटिनावाले मात्र मिसळीच्या गाड्यांवर विनाकारण ‘सात प्लेट द्या’ म्हणत हिंडत होते.

त्यांचाही दिवस भरलाच म्हणा. 22 नोव्हेंबर 2022, मंगळवार, दुपारी साडेतीन. अर्जेंटिना विरुद्ध सौदी अरेबिया. छत्तीस सामने न हरलेला संघ, म्हणून ऑफिसात छातीठोक सांगून लोक लवकर निघालेले. मेस्सीनं दहाव्या मिनिटाला पेनल्टी मारली, पुढं तीन गोल ऑफसाइड म्हणून बाद झाले, आणि उत्तरार्धात सौदीनं पाच मिनिटांत दोन मारून खेळ आटोपला. संध्याकाळी रंकाळ्यावर काय ती शांतता! भेळ खाणाऱ्यांच्या चेहऱ्यावर सुतक.

पण जीव काढला तो 18 डिसेंबरच्या अंतिम सामन्यानं. रविवारची रात्र, साडेआठची वेळ, पोटात तांबडा-पांढरा. समोर फ्रान्स. अर्जेंटिना दोन-शून्य. एकोणऐंशी मिनिटं कशी झकास गेली! कुणीतरी फटाक्यांची माळ उलगडून रस्त्यावर पसरलीसुद्धा. (हे ज्यानं केलं त्याला गल्ली अजून माफ करत नाही.) ऐंशीव्या मिनिटाला एम्बापेचा एक, एक्क्याऐंशीव्याला दुसरा. दोन-दोन! जादा वेळेत एकशे आठव्या मिनिटाला मेस्सीचा गोल. नाचायला उठलेल्यांनी गुडघे बडवून घेतले, तोवर एकशे अठराव्याला पुन्हा एम्बापे. तीन-तीन. आणि अगदी शेवटी फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा गोलसमोर, मध्ये फक्त गोलकीपर मार्टिनेझचा डावा पाय. त्या एका पायावर किती देव पाण्यात होते, याचा हिशेब अंबाबाईलाच ठाऊक. पेनल्ट्यांवर चार-दोन असं जिंकलं अर्जेंटिना, आणि दसरा चौकापासून मिरजकर तिकटीपर्यंत माणसं रडत मिठ्या मारत होती. ब्युनोस आयर्सला यातला एकही जण गेलेला नाही, जाणारही नाही. पासपोर्ट फोटो आहेत, पण ते कटआउटवर.

डॉक्टर लोक शहाणे, त्यांनी याचीही मोजदाद केली. 2006 चा विश्वचषक जर्मनीत झाला. म्युनिक परिसरात पाहणी केली, तर जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना एरवीच्या 2.66 पट! पुरुषांत 3.26 पट, बायकांत 1.82. आणि सगळ्यात जास्त कधी? सामना सुरू झाल्यावर पहिल्या दोन तासांत. 2008 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हे रीतसर छापून आलं. (बायकांचा आकडा कमी का? त्यांना नवऱ्याच्या छातीवर लक्ष ठेवायचं असतं, स्वतःच्या छातीला फुरसत कुठली!) इंग्लंडचीही तीच गत. 30 जून 1998 ला अर्जेंटिनाकडून पेनल्ट्यांवर हरले, तर तो दिवस आणि पुढचे दोन दिवस मिळून हार्ट अटॅकचे पेशंट पंचवीस टक्क्यांनी वाढले. बघणाऱ्यांचं हे, तर बाकावर बसणाऱ्यांचं काय? योहान क्रायफ बार्सिलोनाचा कोच असताना 1991 मध्ये त्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं, सिगारेट सुटली. मग हा जगप्रसिद्ध माणूस सामना चालू असताना बाकावर बसून चक्क लॉलीपॉप चघळायचा!

एवढं कळल्यावर कुणी शहाणा झाला? नाव नको. उलट रोज नवे बाटतायत. आज्जीचंच घ्या. ‘बारा-बारा घोडे एका चेंडूमागं, प्रत्येकाला एकेक का नाही आणून देत?’ म्हणणारी आज्जी. आता जप करता करता माळ थांबवून म्हणते, ‘हा ऑफसाइड होता, पांढऱ्या जर्सीवाल्यापेक्षा पुढं गुडघा होता बघ त्याचा.’ क्रिकेटशिवाय दुसऱ्या खेळाला खेळ न मानणारे काका? पाच दिवसांचा कसोटी सामना डुलक्या काढत बघायचे, बीपी कसं एकशे वीसवर ऐंशी. नातवानं इंग्लंडच्या लीगचा नाद लावला, आणि आता शनिवारी रात्री कपाळावर बाम. पुण्या-मुंबईकडची आयटीतली पोरं तर चॅम्पियन्स लीगसाठी रात्री दीडला उठतात आणि सकाळी मीटिंगमध्ये ‘नेटवर्क नाही’ म्हणून कॅमेरा बंद ठेवतात. गोव्याकडे बोटच दाखवू नका. तिथं फुटबॉल हा राज्याचा खेळ. 2015 ला फातोर्ड्यावर इंडियन सुपर लीगची फायनल, एफसी गोवा सत्याऐंशीव्या मिनिटाला दोन-एकनं पुढं, आणि शेवटच्या घटका मोजताना गोव्यावर दोन गोल चढले, करंडक चेन्नईयिननं उचलून नेला. फातोर्डा म्हटलं की अजून काही गोंयकार चहाचा कप खाली ठेवतात.

आणि आता ते नवं खूळ, व्हिडिओ बघून निकाल फिरवणारं व्हीएआर! पूर्वी गोल झाला की झाला; नाचा. आता नाचायचं, मग थिजून उभं राहायचं, रेफरी कानाला बोट लावतो, पडद्यावर रेघा ओढतात, कुणाच्या तरी काखेचा इंचभर तुकडा पुढं निघतो, आणि मघाशी उडवलेला गुलाल मुकाट्यानं झाडून घ्यायचा. एका गोलाला दोन वेळा मरायची सोय करून ठेवलीय या लोकांनी! त्यात 2026 च्या विश्वचषकाला संघ बत्तीसचे अठ्ठेचाळीस केले, सामने चौसष्टचे एकशे चार. फिफावाल्यांना काही माणुसकी? एकशे चार सामने म्हणजे किती बाम, किती नखं?

तुम्ही मात्र नाकं मुरडताय. बरोबर आहे, तुम्हाला यातलं काही कळत नाही. फक्त ‘सहज’ म्हणून मोबाइलवर स्कोर बघता, जेवणाच्या ताटाखाली धरून. आपल्यातले सगळेच तसे. आपण आपलं लांबून मजा बघतो, नव्वदाव्या मिनिटाला बाथरूममध्ये जाऊन कडी लावून बघतो, इतकंच.

बरं, पुरे झालं. उद्या चारला सामना आहे आणि जावईबापू आज रात्रीच मुक्कामाला येतायत. त्यांना पहाटेच्या एसटीनं नरसोबाच्या वाडीला दर्शनाला कसं धाडायचं, ते आधी बघायला हवं. संध्याकाळची आरती झाल्याशिवाय निघू नये म्हणतात तिथनं.