घरगुती संगणकाच्या पहारेकऱ्यास अनावृत पत्र

मेहेरबान संगणकरक्षक साहेब यांचे सेवेशी,

साष्टांग नमस्कार वि. वि.

नवा संगणक घरी आला त्या दिवशी, त्याच्या पोटात आपण तीस दिवसांच्या फुकट मुदतीवर आधीच रुजू झालेले पाहून, पहारेकरी हवा असे कधीच कोणाला सांगितले नसतानाही मी सद्गदित झालो. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी रचलेल्या ‘ब्रेन’ या फ्लॉपीतल्या विषाणूत निदान त्यांची नावे, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक तरी होते; हल्लीच्या चोरांत ती सभ्यता उरलेली नाही, अशी मनाची समजूत घालून मी वर्षाचा मुशाहिरा आगाऊ अदा केला.

पुढे चोर एकदाही आला नाही. आपण मात्र रोज येत राहिलात. सकाळी दहाच्या ठोक्याला तत्काळ तिकिटाचा अर्ज भरीत असता उजव्या कोपऱ्यातून लाल चौकट वर सरकली आणि ‘तेरा धोके’ आढळल्याची वर्दी देती झाली. तिकीट हुकल्यावर पंचनामा केला, तो तेराच्या तेरा ब्राउझरमधल्या कुकीज निघाल्या! भाचीच्या लग्नाच्या यादीत एक निरुपद्रवी मॅक्रो होता, एवढ्या संशयावरून आपण ती सबंध फाइल जप्त केलीत आणि आत्याकडची सत्तावन्न माणसे लग्नाच्या तोंडावर आपल्या कोठडीत जाऊन बसली.

आपण कामचुकार आहात असे मात्र म्हणवत नाही. पहारेकऱ्यांची परीक्षा घेण्यासाठीच केलेली आयकारची अडुसष्ट अक्षरांची चाचणी-फाइल पुढे टाकताच आपण तत्क्षणी ओरडलात. परंतु २०१२ च्या विंडोज ८ पासून बिनपगारी पहारा देणारा आणि आपण येताच अदबीने बाजूला झालेला तो डिफेंडर, आपणांस बडतर्फ केल्यावर पुन्हा जागेवर आला, तेव्हा तोही त्याच फाइलवर तितक्याच तत्परतेने ओरडला. ओरडून झाल्यावर त्याने पैसे मागितले नाहीत, इतकाच फरक. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर आज्ञावलीने जगभर हाहाकार उडवला, तेव्हा तिची वाट बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती, हे कळल्यापासून दुरुस्त्या पुढे ढकलणारे ‘नंतर आठवण करून द्या’ हे बटण दाबण्याची माझी जुनी खोडही मोडली आहे.

दुसऱ्या वर्षाचा दुप्पट आकार मला न विचारता खात्यातून वळता करून घेण्याचे अधिकारपत्र आपण पहिल्याच दिवशी बारीक अक्षरांत माझ्याकडून लिहून घेतले होते, असे दिसते. कळावे, लोभ असावा, असे लिहिण्याचा शिरस्ता आहे. आपल्या ठायी तो मुबलक असल्याने नुसते

कळावे.

आपला माजी धनी